रिकाम्या क्रूझवरची बेल

शुक्रवार, संध्याकाळ. आचोळे.

रमेशचा फोन आत्ताच ठेवला. नवरा तिकडे अमेरिकेत एका क्रूझवर खोल्या सांभाळतो.

तिकडच्या खाडीवरचा पूल पाण्यात पडल्यापासून बंदराचं तोंडच बंद झालंय. मालाची जहाजं बाहेर खोळंबलीत आणि याचं क्रूझ आत अडकलंय. प्रवाशांना बसने घरी पाठवलं, पण व्हिसा नाही म्हणून कर्मचाऱ्यांना उतरू देत नाहीत. एवढ्या मोठ्या जहाजावर आता मूठभर माणसं, तरी रमेश रोज सकाळी खोल्यांची फेरी मारतो.

"रोज सकाळी एका रिकाम्या खोलीतून बेल येते," तो म्हणाला.

"वायरिंगचा घोळ असेल," मी म्हटलं. तिकडे तेव्हा सकाळच होती, आणि तेवढ्यात ती बेल मलाही ऐकू आली. तो फोन हातात घेऊनच गेला. दार उघडून अगदी अदबीने म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम."

कुणाला?

"रमेश, कोण आहे तिथे?" मी ओरडलेच.

"कोणी नाही गं. सवय." मग हळूच म्हणाला, "पण मी बोललो की बेल थांबते."

मी म्हटलं, "उद्यापासून फेरी मारताना फोन चालू ठेव. जे असेल ते दोघं मिळून बघू."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. त्याच्या फेरीच्या वेळी इथे संध्याकाळ असते; आता ऑफिसात सांगायला हवं, काही दिवस लवकर निघेन म्हणून.