संशोधन यादीत माझं नाव

२६ जून
आणि परत सांगतो, अँटेनाच्या थाळीत माकड बसलं यात माझी काय चूक? मी जेवत होतो. सुपरवायझर यशवंतजी म्हणे, काए मराठे, तोय बंदर भगाबे के पइसा मिलत कै पोहा खाबे के? म्हणजे पगार माकडं हाकलायचा, पोहे खायचा नाही. आठवी नापास असलो तरी अंतराळ संस्थेत आहे. ठेकेदाराकडून आहे, पण आहे.
उद्यापासून कमी बोलायचं.

२७ जून
खूप बोललो.

२९ जून, दुपार
थाळी धुतली. शास्त्रज्ञ ऐश्वर्या मॅडमनी आत बोलावलं. त्या मराठीच, पण तीन पिढ्या इथे झाशीत, त्यामुळे बोलणं अर्धं हिंदी. स्क्रीनवर हिरवी रेघ थरथरली. म्हणाल्या, देख, उपग्रह बोलतोय, तुझ्या थाळीत.
'तुझ्या' म्हणाल्या! घरी जाताना ओरछा गेटपर्यंत बसमध्ये उभा होतो, पाय दुखले नाहीत.

१ जुलै
नोटीस बोर्डावर कागद: 'वेतन संशोधन सूची'. खाली एकच नाव. माझं! चारदा वाचलं. संशोधन, तेही पगारी! मॅडमना त्यासाठी सतरा वर्षं शिकावं लागलं.
बहिणीला, क्षमाला, फोन केला. म्हटलं, नर्सिंगच्या फीचे दहा हजार दादा देणार, दहा तारखेपर्यंत. आई पाचोऱ्यात गल्लीभर सांगून आली.

२ जुलै
संशोधकाने माकडं हाकलायची नसतात. गलोल स्टोअरला जमा. पांढरा शर्ट घेतला. खिशाला दोन पेनं.

४ जुलै
आत खुर्ची अजून नाही. बाहेर उभं राहूनच संशोधन केलं. निष्कर्ष: माकडं पाच, एक लंगडं.

५ जुलै
माकडांनी केबल तोडली. लंगडं पुढे होतं. यशवंतजी ओरडले. मी शांतपणे सांगितलं, मी आता संशोधनात आहे. ते हसत हसत जमिनीवर बसले.
मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, अरे भैया, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. रिसर्च म्हणजे अनुसंधान. गेल्या महिन्यात चुकून तुझा चार दिवसांचा पगार जास्त गेला, तो कापणार. आणि आता केबलपण.
ही हिंदीची चूक आहे.

९ जुलै
पगार झाला. गलोल परत मिळाली. शर्ट दुकानदार परत घेईना, पेन गळलंय म्हणे.
क्षमाचा फोन. उद्या शेवटची तारीख, दादा, नक्की दहा हजार ना? म्हटलं, आकड्यात थोडं संशोधन झालंय.
पाठवले: ३,१४०.