दरीतली रेंज

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेली! किडनी गेली. दुसऱ्या कुणाला तरी लागली.

हिच्या डायलिसिसला निघालो होतो, नेहमीसारखे. दरीचा रस्ता लागला की दोघांच्याही फोनची रेंज जाते, ती पार पलीकडचा पूल येईपर्यंत. पुलावर पोचलो आणि दोन्ही फोन एकदम किणकिणायला लागले. मोठ्या हॉस्पिटलातल्या यादीवाल्या बाई! माझ्या फोनवर, हिच्या फोनवर, पुन्हा माझ्या. गाडी कडेला घेऊन फोन लावला. बाई म्हणाल्या, "दादा, फार थांबता येत नाही हो. पुढच्या पेशंटला कळवलं." इतकी वर्षं यादीत नाव — आणि हाक आली तेव्हा आम्ही कुठे, तर रस्त्यात!

ही म्हणाली, "चला आता, उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतील." मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. हिने पाठीवर हात ठेवला. आजारी कोण, आणि धीर कोण कुणाला देतंय!

४ फेब्रुवारी

दुसरा रस्ता नाही. टॉवर आपल्या हातात नाही. गाडी आहे. गाडीला अँटेना बसवायचा. ठरलं!

७ फेब्रुवारी, शनिवार

ही मशीनवर असताना बाजार पालथा घातला. हल्लीच्या फोनला बाहेरची वायर खुपसायला भोकच नसतं, हे या वयात कळलं. मग मार्ग एकच — डॅशबोर्डवर एक स्टँड, त्याच्या पाठीत तार. फोन त्यात ठेवला की तार त्याच्याशी बोलते, आणि तिथून केबल टपावरच्या अँटेनापर्यंत. रेंज वाढवायला बूस्टर लावा म्हणे एक दुकानदार. परवानगीशिवाय लावणं गुन्हा आहे, तेवढं मलाही कळतं. काचेवर चिकटवायचा अँटेनाही बाद — आमच्या काचांवर उन्हाची फिल्म आहे, तिच्यात धातू असतो. टप मात्र लोखंडी. चुंबकाचा घट्ट बसेल.

येताना हिला सगळं सविस्तर समजावलं. ऐकता ऐकता झोपली. डायलिसिसनंतर ती नेहमीच झोपते, माझ्या व्याख्यानाचा दोष नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मेहुणा अँटेना घेऊन हजर. "दाजी, दुकानातला सगळ्यात लांब आणलाय!" उत्साह दांडगा. टपावर लावला तर झाडाच्या फांदीला टेकला.

ही दारात उभी राहून म्हणाली, "अहो, हॉस्पिटलला निघालाय की मासे धरायला?" भावाचं तोंड एवढंसं झालं. आम्ही दोघं हसलो. पुष्कळ दिवसांनी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पोपट झाला! एवढा लांब दांडा, आणि दरीत रेंजची एक काडीसुद्धा नाही. चिडचिड झाली. मेहुण्याला मनातल्या मनात काय काय बोललो.

डायलिसिसनंतर हिची हृदयाची तपासणी होती. यादीत राहायचं तर मधूनमधून करावीच लागते. मी बाहेर बसून अँटेनाच्या खोक्यातलं माहितीपत्रक वाचलं, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला! लांब अँटेना सपाटीचा. त्याचा सगळा जोर आडवा, लांबवर. आमचा टॉवर डोंगराच्या माथ्यावर, आम्ही खाली दरीत. तो समोर बघतोय, टॉवर डोक्यावर! दरीला बुटकाच हवा.

ही बाहेर आली. विचारलं, "काय म्हणाले?"

"बघू म्हणाले. तुमचं काय ठरलं?"

मी जो सुटलो तो थेट घरापर्यंत. हिने सगळं ऐकलं. मध्येमध्ये प्रश्नही विचारले. आज अजिबात झोपली नाही.

१२ फेब्रुवारी

बुटका आणला. ही म्हणाली, "माझ्याच मापाचा आहे. शेवटी बुटकीच कामाला येते."

१५ फेब्रुवारी, रविवार

गाड्यांचे टेप बसवणारा डेकवाला घरी आला होता. केबल पातळ आणि लांब असेल तर आलेली रेंज वाटेतच मरते म्हणाला, म्हणून जाड आणि आखूड घेतली. दाराच्या रबराखालून, पायाशी गालिच्याखालून, स्टँडपर्यंत. ही मागच्या सीटवर बसून केबल पुढे सरकवत होती. डायलिसिसच्या सुया टोचून टोचून हिचा तो हात दोरखंडासारखा झालाय. मी म्हटलं, तू आत जा, पड जरा. "मला काय काम आहे? धरते की."

थोड्या वेळाने म्हणाली, "सावकाश करा. घाई कशाला?"

मी भडकलो. "घाई कशाला? उद्या फोन आला तर? पुन्हा चुकला तर?" डेकवाला खाली मान घालून स्क्रू शोधायला लागला. ही घरात गेली, चहा घेऊन आली. तिला पाणी मोजून मिळतं, चहाही मोजून. तिच्या वाटणीचासुद्धा मलाच दिला. फार लाजलो मी. पण सॉरी म्हणालो नाही.

१७ फेब्रुवारी

एक काडी आली! वळणावर गेली. पुन्हा आली. दार लावताना केबल चिमटतेय बहुतेक.

२१ फेब्रुवारी, शनिवार

केबल डिकीच्या बाजूने फिरवून घेतली. आता बरंच बरं.

येताना ही म्हणाली, "इथे जरा थांबू या ना." दरीत! कधी थांबलो नव्हतो तिथे. मी फोनच्या काड्या बघत होतो. वर पाहिलं तर ही माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही असंच काहीतरी दुरुस्त करत राहा हं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चला."

मला असलं बोलणं आवडत नाही. किडनी मिळाल्यावर हिला या दरीत रोज आणून बसवीन, म्हणावं बस किती बसतेस ती.

२६ फेब्रुवारी

आता प्रत्येक वळणावर निदान दोन काड्या. बोलून मात्र बघायला हवं.

३ मार्च, मंगळवार

हिला मशीनवर सोडून एकटाच दरीत परत आलो. यादीवाल्या बाईंनाच फोन लावला. लागला! "बाई, मी दरीतून बोलतोय. आता कधीही फोन करा, आम्ही उचलणार!"

बाई म्हणाल्या, "दादा... त्यांचं नाव काढलंय हो. हृदयाच्या तपासणीनंतर लगेच. ऑपरेशन झेपणार नाही म्हणून. डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. घरी मी सांगते म्हणाल्या होत्या त्या."

एकही शब्द तुटला नाही.

घ्यायला गेलो. गाडीत बसता बसता हिने विचारलं, "लागला का फोन?"

"तुटतोय अजून," म्हटलं. "केबल काढून पुन्हा नव्याने टाकावी लागणार."

"टाकू की," ही म्हणाली. "रविवारी मी धरते."