खंडेनवमीची रिकामी खुंटी

अण्णा,

धाकट्याने आपल्या कुलवृत्तान्तात तुमच्याविषयी जे पान लिहिले आहे, ते चुकीचे आहे. छापील प्रत मला इकडे न्युरेम्बर्गला टपालाने आली. त्यात म्हटले आहे : “अहिंसेच्या विचाराने प्रभावित होऊन त्यांनी आपली बंदूक सरकारजमा केली. पुढे आंब्याच्या झाडावरून पडून त्यांचा डावा खांदा कायमचा अधू झाला.” वाक्ये निर्दोष आहेत, हे मी मान्य करतो, तोही तुमच्याच हाताखाली शिकला आहे. परंतु वाक्य शुद्ध असले म्हणून विधान खरे ठरत नाही, हेही तुम्हीच फळ्यासमोर उभे राहून आम्हांला शिकवले होते. त्याचा जन्म नंतरचा, म्हणून त्याला दोष देत नाही. मी मात्र त्या दिवशी तुमच्याबरोबर होतो, आणि आता ते सांगू शकणारा मीच एक उरलो आहे.

तुमची बंदूक ठासणीची होती. भाताला डुकरे लागू नयेत म्हणून मिळालेल्या परवान्यावरची. ओटीवरच्या खुंटीला ती टांगलेली असे आणि खंडेनवमीला तिला खाली उतरवून, तेल-पाणी करून, गंध-फूल वाहून आपण तिची पूजा करत असू. गावात तशीच दुसरी बंदूक रानाच्या राखणदाराकडे होती. त्याला तुम्ही नेहमी ‘नाईक’ म्हणत, आणि तो तुम्हांला ‘मास्तर’. युद्धाच्या धामधुमीत तालुक्याहून हुकूम आला की ज्यांच्यावर सरकारचा विश्वास नाही, त्यांची हत्यारे जमा करावीत. यादीत नाईकाचे नाव होते, तुमचे नव्हते. तुम्ही शाळामास्तर, घरची शेती, कपाळाला गंध. तुमच्यावर अविश्वास कोण दाखवणार? त्या सकाळी नाईक ओटीखाली उभा राहून म्हणाला, “येतो मास्तर. ठेवून येतो.” तुम्ही खुंटीवरची बंदूक काढली, खांद्याला अडकवली आणि म्हणालात, “थांब. मीही येतो.”

ठाण्याच्या पायऱ्या मला आजही दिसतात. फौजदार खुर्चीवर रेलून बसला आहे, टेबलावर चहाची बशी आहे, आणि तुम्ही नाईकाच्या बंदुकीशेजारी आपली बंदूक ठेवत आहात.

“अहो मास्तर, तुमचं नाव यादीत नाहीये,” फौजदार म्हणतो.

“मग घाला.”

“असं कसं घालणार? तुम्ही काय केलंय?”

“यानं काय केलंय?”

फौजदाराने बशीतला चहा संपवला. मग तो हसून म्हणाला, “परत मिळायची नाही हं. नंतर माझ्या दारात येऊ नका.” तुम्ही म्हणालात, “येणार नाही.” आणि खरोखरच कधी गेला नाहीत. आपण तिघे परतीच्या वाटेला लागलो. ओढ्यापाशी आल्यावर नाईकाने विचारले, “तुमी का वो ठेवली, मास्तर? तुमची ऱ्हायली असती तर गावात येक तरी ऱ्हायली असती.” तुम्ही उत्तर दिलेत ते मी पुढे आयुष्यभर घोकत आलो : “तुझी काढून घेतली तेव्हाच माझी गेली होती. माझ्या खुंटीवर राहिली असती ती त्यांची मेहेरबानी असती.”

अहिंसेचा यात संबंध नाही. तुम्ही अहिंसावादी नव्हता. घर आणि गाव राखण्याचा हक्क माणसाला कुणी द्यावा लागत नाही, असे तुम्ही उघड म्हणत असा. परवाना मागून मिळतो, आणि मागून मिळालेली वस्तू देणारा परत नेऊ शकतो, म्हणून ज्या राज्याला प्रजेच्या हातातल्या हत्याराचे भय वाटते, त्या राज्याने आधी स्वतःची वागणूक तपासावी, असे तुमचे मत होते. हत्यार बाळगणाऱ्या प्रजेवर जुलूम चालत नाही, हा तुमचा सिद्धान्त. त्याच हिवाळ्यात दरोडेखोर आले. गावात एकही बंदूक नाही, हे त्यांना ठाऊक होते. तुम्ही दारात कोयता घेऊन उभे राहिलात आणि नाईक काठी घेऊन धावत आला. त्या झटापटीत तुमचा खांदा गेला. नाईकाची दोन बोटे गेली. आंब्याच्या झाडाचे कारण आईने पाहुण्यांपुरते सांगायला सुरुवात केली, कारण दरोड्याची गोष्ट निघाली की तिला रात्रभर झोप लागत नसे. आणि पाहुण्यांपुरते सांगितलेले शेवटी कुलवृत्तान्तात छापून आले.

त्यानंतरच्या खंडेनवमीला तुम्ही रिकाम्या खुंटीला गंध लावलेत आणि झेंडूचे फूल अडकवलेत. आई म्हणाली, “अहो, खुंटीची कसली पूजा? उद्या घरात सून आली तर हसेल.” तुम्ही म्हणालात, “हसू दे. कशाची पूजा म्हणून विचारलंन, तर सांगेन.” स्वातंत्र्य आले तरी तुम्ही नव्या सरकारकडे अर्ज केला नाहीत. खुंटी रिकामीच राहिली आणि फूल दर वर्षी चढत राहिले.

मी इकडे यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी करायला आलो, तेव्हा न्युरेम्बर्गबाहेरच्या एका खेड्यात रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या घरी माडीवरची खोली घेतली. ते मला ‘हेर इंजिनिअर’, म्हणजे ‘इंजिनिअरसाहेब’, म्हणत. मी इंजिनिअर होण्याच्या कितीतरी आधीपासून. गावात नेमबाजांचे जुने मंडळ होते आणि घरमालक त्याच्या हत्यारांचे रखवालदार होते. हत्यारे म्हणजे हवेच्या बंदुका. युद्ध हरल्यावर जेत्यांनी सगळ्यांचीच हत्यारे काढून घेतली होती. घरमालक म्हणत, “तेव्हा पाव कापायची सुरी हीच आमची तोफ होती!” मग हळूहळू परवानगी मिळाली आणि खानावळीच्या नाचघरात दर शुक्रवारी कागदावर छर्रे मारणे पुन्हा सुरू झाले. मी जाऊ लागलो. “हेर इंजिनिअर, तुमच्याकडे वाघ मारतात म्हणे,” खाटीक माझी थट्टा करी. “हा कागद आहे, घाबरू नका, अंगावर येत नाही.” मी व्याकरणशुद्ध जर्मनमध्ये उत्तर दिले की वाघ निदान आपला नेम चुकला हे ताबडतोब कळवतो. तेव्हापासून त्यांनी मला आपल्यात घेतले.

त्या नाचघराच्या भिंतीवर रंगीत लाकडी तबकड्यांची रांग होती. शरदात मंडळाची मोठी स्पर्धा होई. प्रत्येकाला एकच गोळी, आणि ज्याची मध्याच्या सर्वांत जवळ लागेल तो वर्षाचा राजा. राजाच्या गळ्यात चांदीची साखळी पडे, तो सर्वांना बिअर आणि सॉसेज देई, आणि त्याच्या पसंतीचे चित्र काढलेली तबकडी भिंतीवर लागे. रांगेत एका ठिकाणी नुसता खिळा होता. मी एकदा विचारले. खानावळवाला म्हणाला, “पडली असेल,” आणि पेले पुसू लागला.

तुमचे शेवटचे पत्र मला १९६२च्या वसंतात आले. तुम्ही लिहिले होते : “त्या देशात शिकाऱ्यांची, नेमबाजांची घरोघर हत्यारे होती, असे तूच लिहितोस. मग त्या जुलमी माणसाला कुणी का अडवले नाही? माझा सिद्धान्त चुकला, की ती माणसे?” मी उत्तर जुळवत होतो, तोच तुम्ही गेल्याची तार आली. सिद्धान्त चुकला असेल तर तुमची बंदूक, तुमचा खांदा, ती खुंटी, सगळेच एका हट्टी माणसाचे खूळ ठरत होते. कारखान्यात लेथपुढे उभा असताना मला दुसरे काही सुचत नसे.

त्या शरदात खंडेनवमी स्पर्धेच्या आदल्या दिवशी आली. घरमालकांच्या कपाटात मंडळाच्या बंदुका असत. मी आईने दिलेल्या करंड्यातले कुंकू घेतले आणि ज्या बंदुकीने मी नेम धरत असे, तिला बोट लावले. तासाभराने घरमालक जिना चढून आले. हातात बंदूक, चेहरा पांढराफटक.

“हेर इंजिनिअर! गंज! माझ्या कपाटात गंज!”

“गंज नाही—”

“चाळीस वर्षं मी तेल घालतोय! हे लाल काय आहे मग?”

खालून मालकीणबाई ओरडल्या, “लिपस्टिक असेल! विचारा त्यांना, कुणाला घेऊन गेले होते कपाटापाशी!”

मी हसत हसत खंडेनवमी समजावून सांगितली. मग खुंटी. खुंटी रिकामी का, हे सांगताना यादी, नाईक, फौजदार आणि “मग घाला” हे सारे सांगावे लागले. घरमालक पलंगाच्या कडेवर बसले. बंदूक मांडीवर तशीच होती, आणि त्यांच्या अंगठ्याला कुंकू लागले होते. ते म्हणाले, “गेनाऊ.” म्हणजे, अगदी बरोबर. मग म्हणाले, “आमच्यात असं एकही बोलला नाही.”

त्यांनीच सांगितले की त्या खिळ्यावरची तबकडी पडली नव्हती. ती बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सचा व्यापार करणाऱ्या एका ज्यू गृहस्थाची होती. पहिल्या युद्धात तो जर्मनीसाठी लढला होता. मंडळाचा राजा झाला होता. नाझी आले तेव्हा मंडळाने त्याचे नाव काढले आणि तबकडी उतरवली. पुढे फर्मान निघाले की ज्यूंनी हत्यारे जमा करावीत. परवान्यामुळे कुणाच्या घरी काय आहे, हे ठाण्याला ठाऊकच होते. “तो भर बाजारातून गेला,” घरमालक म्हणाले, “बंदूक मेणकापडात गुंडाळून. आम्ही सगळे त्याच खानावळीच्या खिडकीत होतो. प्रत्येकाच्या घरी बंदूक होती, हेर इंजिनिअर. प्रत्येकाच्या. आणि आम्ही म्हणालो, यादीत त्याचं नाव आहे, आपलं नाही.” पुढे त्याला गाडीत घालून पूर्वेकडे नेले. तो परत आला नाही. त्याची तबकडी चुलीत जाऊ नये म्हणून घरमालकांनी ती कोळशाच्या पेटीमागे लपवली होती. त्यांचे धाडस तेवढेच होते, आणि ते तेवढेच होते हे त्यांना कळत होते.

अण्णा, दुसऱ्या दिवशी मी राजा झालो. माझी गोळी मध्याला चाटून गेली. खाटकाने कागद उजेडात धरून तीनदा पाहिला आणि म्हणाला, “वाघ मेला.” साखळी गळ्यात पडली. ती जड असते. खानावळवाला शिडी घेऊन आला. “चित्र कसलं काढायचं, महाराज? हत्ती? नवा खिळा ठोकतो.”

“नवा नको,” मी म्हणालो. “एक खिळा आहे. चित्रही तयार आहे.”

खाटीक म्हणाला, “राजाला चित्र निवडायचा हक्क आहे. इतिहास निवडायचा नाही.” मागून कुणीतरी म्हणाले, “परक्या माणसाला काय करायचंय?” मी तिथे परकाच होतो, खोली भाड्याची होती, नोकरी कच्ची होती. तुम्ही ठाण्याच्या टेबलापाशी कसे उभे होतात, ते आठवून मी तसाच उभा राहिलो. तेवढ्यात घरमालक उठले, बाहेर गेले आणि मेणकापडातली तबकडी घेऊन आले. तीवर हॉप्सच्या वेलीखाली बसलेल्या तित्तिर पक्ष्याचे चित्र, कडेला कोळशाची काजळी. ते म्हणाले, “मी खिडकीत होतो. तूही होतास,” हे खाटकाला. “आपल्याकडे बंदुका होत्या म्हणून आपण स्वतःला स्वतंत्र नागरिक म्हणत होतो. त्याची गेली त्या दिवशी आपल्या उरल्या होत्या का?” मग ते खुर्चीवर चढले. खुर्ची डुगडुगत होती. खाटीक काही वेळ बसून राहिला. नंतर उठला आणि त्याने खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. सिद्धान्त चुकला नव्हता. घराघरात हत्यारे होती, परंतु हक्क कुणाकडेच नव्हता. सर्वांकडे मेहेरबानी होती, आणि ती पहिल्यांदा एकाची काढून घेतली गेली तेव्हा बाकीच्यांना तो आपला विषय वाटला नाही. जुलूम करणारा माणूस सगळ्या बंदुका एकदम मागत नाही. तो आधी नाईकाची मागतो आणि मास्तरांकडे पाहून हसतो. तुम्ही हे ओढ्याकाठी दोन वाक्यांत सांगून मोकळे झाला होतात आणि स्वतःच विसरलात. माझा मुलगा म्हणतो, “बाबा, हत्यारं जितकी कमी तितकं बरं.” तो इथे जन्मला आहे, त्याचे म्हणणे मी ऐकून घेतो, पण मान्य करत नाही. त्याला मी तुमची गोष्ट सांगतो, आणि सांगताना माझी पाठ आपोआप ताठ होते.

मंडळाने पुढे माझीही तबकडी आग्रहाने करून घेतली. तीवर एक रिकामी खुंटी आणि झेंडूचे फूल आहे. चित्रकार बंदूक काढायला विसरला, असे पाहुण्यांना वाटते.

आता कुलवृत्तान्तातील नोंदी दुरुस्त करतो.

बंदूक जमा : १९४७ नव्हे, १९४३. तेव्हा राज्य परक्यांचे होते. तुम्ही ती स्वराज्याला अर्पण केलेली नाही.

खांद्याची दुखापत : ‘आंब्याच्या दिवसांत’ नव्हे, त्याच वर्षीचा मार्गशीर्ष. त्या महिन्यात आंब्यावर चढण्याचे कुणाला कारण नसते.

माझे जर्मनीला प्रयाण : १९६० नव्हे, १९५७.

तुमचे निधन : १९६३ नव्हे, १९६२चा चैत्र.

मी राजा झालो ते वर्ष : कुलवृत्तान्तात नाही. १९६२चा आश्विन, खंडेनवमीचा दुसरा दिवस, म्हणजे दसरा.

हे पत्र धाकट्याला पाठवावे, असा विचार होता; पाठवणार नाही. कारण शेवटी एक गोष्ट लिहावी लागते, आणि ती त्याने छापावी असे मला वाटत नाही. मंडळाचा सभासद म्हणून मला खरी बंदूक घरी ठेवता आली असती. मी कधीच घेतली नाही. विचारणाऱ्यांना मी सांगत आलो की अण्णांप्रमाणे मीही मागणार नाही. खरे कारण वेगळे आहे. बंदूक घरात आली असती, तर एखाद्या दिवशी शेजाऱ्याच्या बंदुकीशेजारी तीही ठाण्यात नेऊन ठेवण्याची वेळ आली असती. आणि मी ती ठेवली असती की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. इथल्या भिंतीवरही मी एक खुंटी ठोकली आहे. उद्या खंडेनवमी आहे. फूल आणून ठेवले आहे.