आठशे मीटरच्या अलीकडे

सोमवार, २ मार्च

पायांचे तुकडे पडलेत. पण मोजणीचं चाक मात्र लोण्यासारखं पळतंय. त्याचं रबर पार झिजलं होतं, ते तीन आठवड्यांपूर्वी सायकलवाल्याकडून बदलून घेतलं – चांगलं जाडजूड. ऑफिसात अर्ज करा, मंजुरीची वाट बघा, एवढा धीर कुणाला? आता खडखड नाही, दगडावर उड्या नाहीत. सगळ्या ऑफिसात माझंच चाक देखणं.

काम सोपं आहे, म्हणून लोकांना ते काम वाटतच नाही. घराच्या दारापासून जवळात जवळच्या किराणा-भाजीच्या दुकानाच्या दारापर्यंत चाक ढकलत चालायचं आणि आकडा लिहायचा. आठशे मीटर किंवा जास्त भरलं तर घर ‘लांब’. तिथे आठवड्यातून दोनदा भाजी-दुधाची सरकारी गाडी जाते. कमी भरलं तर ‘जवळ’. गाडी नाही. आज एका आजोबांनी विचारलं, “बाई, हे खेळणं लहानपणी राहून गेलं होतं का?” मी म्हटलं, हो ना, आता पगार घेऊन खेळते.

गुरुवार, ५ मार्च

उद्या कालव्यापलीकडची बारा घरांची ओळ. आत्याची ओळ! साहेबांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा, माझी सख्खी आत्या राहते तिथे. कागदातून मान वर न काढता म्हणाले, “आत्या नाही मोजायची. रस्ता मोजायचाय.”

शुक्रवार, ६ मार्च

सातशे नव्वद.

ओळीचं माप मधल्या दारापासून घेतात, आणि मधलं दार नेमकं आत्याचं. तीनदा मोजलं. सातशे नव्वद, सातशे एक्क्याण्णव, पुन्हा सातशे नव्वद.

आत्या सत्तरीच्या पुढची. आई गेल्यावर मी दहा वर्षं तिच्याच शिलाई मशीनच्या आवाजात अभ्यास केला. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, दोन वर्षं तिच्या मागे लागलाय की माझ्याकडे राहायला चल. तो राहतो दिवसभराच्या प्रवासावर. तिचं उत्तर ठरलेलं – “माझं सामान मला आणता येईनासं झालं की येईन.” गाडी दाराशी येते तोवर आणता येतं. पूल चढून दुकान, दोन पिशव्या घेऊन परत पूल – तिच्या गुडघ्यांना ते एकदासुद्धा झेपायचं नाही. म्हणजे दादाला दोन वर्षांत जमलं नाही ते माझा एक आकडा करणार.

“किती भरलं?” तिने विचारलं. सांगितलं.

“बरं. चहा ठेवू?”

एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. दहा मीटर! आठशे लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पेन्सिल हातातच होती. नाही लिहिलं. आणि आता स्वतःचाच राग येतोय.

रविवार, ८ मार्च

फॉर्म अजून माझ्याच पिशवीत.

मंगळवार, १० मार्च

दिला एकदाचा. साहेबांनी शिक्का मारला. गाडी एकोणीस तारखेपासून बंद. वर म्हणाले, “तुमचं कायम झाल्याचं पत्र याच महिन्यात निघेल. तुमच्या मापाबद्दल एकही तक्रार नाही.” चार वर्षं या वाक्याची वाट बघत होते. आज ऐकलं आणि डबा न उघडताच घरी परत आणला.

आत्याला फोन करून तारीख सांगितली. “हो, हो, कळलं,” म्हणाली.

सोमवार, १६ मार्च

काम कालव्याच्या बाजूलाच होतं, म्हणून दुपारी आत्याकडे डोकावले. चाक दाराशी टेकवून ठेवलं. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं, जसं गिऱ्हाइकाच्या अंगावर दुसऱ्याने शिवलेला ब्लाउज बघते.

“हे कधी एवढं गुबगुबीत झालं?”

मी ऐटीत सायकलवाल्याची हकिगत सांगितली. तिने गळ्यातली टेप काढली. ती अजून गळ्यातच असते, शिवण बंद होऊन पाच वर्षं झाली तरी.

“याचा घेर किती असायला हवा?”

“एका फेरीला बरोबर एक मीटर. त्यावरच तर आकडा फिरतो.”

तिने खाली बसून चाकाला टेप गुंडाळली. चष्मा कपाळावर. “एकशे दोन. आणि वर आठ रेघा.”

मी म्हटलं, तुझी टेप जुनी आहे, ताणली असेल. “ताणलेली टेप कमी दाखवते गं, जास्त नाही. चाळीस वर्षं याच कामात घालवलीत.” मग चाकावर थाप मारून म्हणाली, “फेरीला जवळजवळ तीन सेंटिमीटर गिळतंय हे. कुणाच्या कमरेत एवढं गिळलं असतं ना, तर बाई ब्लाउज घेऊन भांडायला आली असती.”

मला हसू आलं, आणि मधेच थांबलं. फॉर्मच्या मागे गणित केलं. चाक सातशे नव्वद म्हणतं तेव्हा रस्ता आठशे बारा असतो. आठशे बारा! आत्याला दाखवलं. ती टेपची गुंडाळी करत होती. म्हणाली, “मग आता उद्याच साहेबांना सांग.”

मंगळवार, १७ मार्च

सकाळी लवकर ऑफिस गाठलं. पोलादी टेप लावून व्हरांड्यात वीस मीटर आखले आणि चाक फिरवलं. साडेएकोणीससुद्धा भरले नाहीत. आत्याचं बरोबर.

रजिस्टर काढलं. रबर बदलल्यापासूनची पाच आठवड्यांची मापं. आठशेच्या जरासं अलीकडे अडकलेल्या चार ओळी निघाल्या, आत्याची धरून. बाकीच्या तिन्हींमधली माणसं डोळ्यांसमोर आली. एका दारात काठी टेकत आलेले ते अंध मास्तर, एका दारात जुळ्यांना दोन्ही कडेवर घेतलेली बाई. तिने मला पाणी दिलं होतं.

एक विचार मनात आला, तो लिहूनच टाकते. फक्त आत्याची ओळ पोलादी टेपने पुन्हा मोजायची, ‘दुरुस्ती’ म्हणून फॉर्म द्यायचा. साहेब सही करतील. चाकाचं नाव निघणार नाही, माझं पत्रही निघेल. आत्या वाचली, मीही वाचले. एक अख्खा कप चहा संपेपर्यंत हा विचार मला फार आवडला होता. मला लाज वाटते, पण आवडला होता.

साहेब दिवसभर बाहेर होते. म्हणजे आज सांगायचं टळलं.

बुधवार, १८ मार्च

सांगितलं. सगळं. चारही ओळी, चाक, सायकलवाला.

साहेब बराच वेळ रबराला बोट लावून बघत होते. “परवानगी कुणाची घेतलीत?” कुणाचीच नाही. “पाच आठवडे एकदाही तपासलं नाहीत?” नाही. ते रागावले नाहीत, नुसते थकल्यासारखे दिसले. पत्र थांबलं. पाच आठवड्यांचं सगळं काम पुन्हा, ऑफिसच्या जुन्या खडखडत्या चाकाने. आत्याच्या ओळीला मात्र दुसऱ्या कुणाला तरी पाठवणार. बरोबरच आहे.

घरी आल्यावर रडले. मग सुजलेल्या डोळ्यांनीच अंडी उकडली आणि पोटभर जेवले. बऱ्याच दिवसांनी.

शनिवार, २१ मार्च

एकशे चारपैकी तीस दारं पुन्हा मोजून झाली, अडकलेल्या ओळी सगळ्यात आधी. जुनं चाक एवढं वाजतं की लोक मी पोचायच्या आधीच दार उघडतात. जुळ्यांची आई म्हणाली, “पुन्हा तुम्ही?” मी म्हटलं, मागच्या वेळी मी चुकले होते. तिने पुन्हा पाणी दिलं.

मंगळवार, २४ मार्च

आत्याची ओळ – आठशे बारा! चारही ओळी ‘लांब’. गाडी शनिवारपासून पुन्हा सुरू.

आत्याला लगेच फोन केला. “छान झालं,” म्हणाली. “खरंच छान केलंस.” मग शेजारणीला हाक मारून ती बातमी सांगताना मला ऐकू येत होती. माझ्या पत्राचं साहेब पुढच्या वर्षी बघू म्हणतात. बघू देत. आत्या तिच्या घरात आहे, मला तेवढं पुरे.

शनिवार, २८ मार्च

गाडी बघायला रजा टाकून गेले होते. अकरा दारांतून माणसं पिशव्या घेऊन बाहेर आली. आत्या आतच, बांधलेल्या ट्रंकेवर बसलेली. दादा उद्या न्यायला येतोय. पंधरा तारखेलाच तिने त्याला हो म्हटलं होतं, मी चाक घेऊन गेले त्याच्या आदल्या दिवशी, माझ्या सातशे नव्वदवर विश्वास ठेवून. “त्याने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली गं. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?” मी विचारलं, मग चाक कशाला मोजत बसलीस? म्हणाली, “बाकीच्या अकरा घरांना कुठे मुलगा आहे?”