डोंगरावरचा डबा

गारखेडा,
४ मे २०१६

चि. मंदारास अनेक आशीर्वाद.

मनू आणि तुमचा कुत्रा, दोघंही सुखरूप पोचले. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हा कागद. सुट्टीला पोरीला आत्याकडं पाठवलंस, फार बरं केलंस. चारुताला हॉस्पिटलच्या ड्यूट्या आहेत, ते समजतं. तू मात्र येतो येतो म्हणून नेहमीसारखा गळपटलास. इथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि हा केसाळ पाहुणा एका दमात पातेलं रिकामं करतो. भोपळा हे नाव कुणी ठेवलं? शोभतं त्याला.

त्यात तुझा तो खेळ. मनूनं समजावून सांगितला. कुणीतरी डोंगरात डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्यानं फोनमध्ये बघत बघत तो हुडकायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तिथंच ठेवून घरी यायचं. मी विचारलं, मग मिळालं काय? तर म्हणाली, सापडला, हेच मिळालं. मी जन्मभर भूगोल शिकवला, पण अक्षांश-रेखांशांचा असा अपमान कधी पाहिला नव्हता.

या उन्हात माणसं सावली शोधतात. मी तुझा डबा शोधणार नाही. चारुताला आशीर्वाद. माया आहेच, ती बोलण्यावरून मोजू नकोस.

तुझी
शैलाताई


पुणे,
८ मे २०१६

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शुद्धलेखन बिनचूक, बाकी नुसता जाळ. तुझ्या वर्गातल्या पोरांची आज फार दया आली.

अगं, तो डबा माझाच आहे. मनू खांद्यावर बसायची तेव्हा आपल्या मागच्या डोंगराच्या माथ्यावर, एका पळसाखाली मी तो ठेवला. आत तिची तेव्हाची लाल बांगडी आहे. ती तिनं स्वतः शोधून काढावी, एवढीच हौस. मीच नेणार होतो, पण ऑफिसात सुट्टीचं नाव काढलं की साहेबांचं तोंड आंबट होतं. आकडे मनूच्या फोनमध्ये आहेत. पहाटे निघालात तर नाश्त्याला घरी याल. रिटायर झालीस म्हणून पंख्याखाली बसून राहायची शिक्षा तुला कुणी केलेली नाही. का आता डोंगर झेपत नाही?

राग आला तर पत्रात काढ, पण लेकीला घेऊन जा. लोभ आटू देऊ नये ही विनंती.

तुझा
मंदार


गारखेडा,
१५ मे २०१६

चि. मंदारास आशीर्वाद.

डोंगर झेपत नाही असं लिहिलंस ना? झेपला. डोंगरच जागेवर नव्हता, ती गोष्ट वेगळी.

मनू रोज उठून विचारायची, म्हणून काल सकाळी आम्ही तिघं निघालो. आपण हुरडा खायला जायचो ती सगळी रानं आता प्लॉट झाली आहेत. कमानीवर हिरव्या दरीचं इंग्रजी नाव, आणि आत गवताची काडी नाही. वर पोचायलाच ऊन चढलं. बघतो तर माथ्याचा अर्धा भाग मुरमासाठी कापून नेलेला. तुझा पळस नाही आणि पळसाखालची जमीनही नाही. फोनमधला बाण कड्याच्या पुढं, हवेत दाखवत होता. खाली जेसीबी चालू. शाबास तुझ्या आकड्यांची!

तिथं भोपळा सुट्या मुरमावरून घसरला आणि खड्ड्यात गेला. हाड मोडलं नाही, पण आम्ही वळसा घालून खाली उतरेपर्यंत तो तापलेल्या दगडांवर पडून होता. जीभ बाहेर, पाय लटपटत. होतं नव्हतं ते पाणी त्याला पाजलं. मग मनूच्या ओढणीची झोळी केली. पुढून मी धरली, मागून तिनं. पोरगी रडत होती, पण झोळी सोडली नाही.

पायथ्याच्या वस्तीत टँकर आला होता. बायकांची भांडणं चाललेली. त्या गर्दीत घुसून मी कुत्र्यासाठी पाणी मागितलं. मागताना माझी मान वर होईना. आवडाबाई म्हणून एक बाई होती, तिचा नंबर लागला होता. ती माझ्यावर खेकसली, हितं माणसाला प्यायला नाय अन् तुमच्या कुत्र्याला आंघोळ घालू व्हय? असं म्हणता म्हणताच तिनं हंडा त्याच्या अंगावर रिता केला. दुसराही केला. ओला पदर त्याच्या तोंडावर धरून बसली. तोवर टँकर संपला आणि तिचा ड्रम अर्धाच राहिला.

भोपळ्यानं डोळे उघडल्यावर मनूनं तिला डब्याची सगळी हकीकत सांगितली. तिनं विचारलं, लेकराचा बाप कुठं हाय? मी म्हणाले, पुण्यात. ती म्हणाली, मग डबा हुडकायला त्यालाच लावायचा की. बाई माझ्या मनातलं बोलली.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. आता तो मोरीत ओल्या पोत्यावर पसरला आहे, धोका टळला. आज आमच्या टाकीतलं पाणी कॅनमध्ये भरून रिक्षानं आवडाबाईला देऊन आले. आभार मानू लागले तर तिनं ऐकून घेतलं नाही. कॅन तेवढे घेतले.

पुन्हा असले आकडे पाठवलेस तर पत्र न फोडता परत करीन. जपून राहा, जेवत जा.

तुझी
शैलाताई


गारखेडा,
१५ मे

ती. बाबांस नमस्कार.

आत्यानं पाकिटावर पत्ता घालायला तिचं पत्र माझ्याकडं दिलं, तेव्हा मी वाचलं. त्यात एक गोष्ट नाही. म्हणून हा कागद तिच्या नकळत आत घालते आहे.

भोपळा आपोआप घसरला नाही. फोनमध्ये अजून थोडं पुढं, अजून थोडं पुढं असं दाखवत होतं. मी फोनकडं बघत चालले होते. मला कडा दिसलाच नाही. भोपळा मला मागं ओढत होता. मला वाटलं, हट्ट करतो आहे, म्हणून मी पट्टा जोरात ओढला. तेव्हा माझ्या पायाखालचा मुरूम सुटला. आत्यानं माझी वेणी धरली, मग दंड धरला आणि मला मागं खेचलं. माझ्या हातातून पट्टा सुटला आणि भोपळा खाली गेला.

आत्यानं मला एक थोबाडीत मारली. मग तिथंच बसून मला इतकं घट्ट धरलं की बोलता येईना. म्हणाली, तुझा बाप बिनडोक आहे, पण हे त्याला सांगू नकोस, त्याला रात्रीची झोप लागायची नाही. मी कबूल केलं होतं. पण तुम्हाला कळायला पाहिजे असं मला वाटतं.

मला बांगडी नको होती, बाबा. ती मला आता होणारही नाही. तुम्ही म्हणाला होता, आपण दोघं जाऊ.

आत्या चिडली तर चिडू दे. तुम्ही रविवारी या. घर कुठं आहे ते तुम्हाला फोनमध्ये बघावं लागणार नाही.

तुमची
मनस्विनी