हळदीचं पिठलं आणि करुणाची नोकरी

साखरा, तालुका सेनगाव
सोयाबीन घरात आल्याचा दुसरा दिवस

चिरंजीव सोनाजीस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद आणि आमच्या घरादाराचा जय भीम.

साखऱ्याला तुला एक बहीण आहे आणि ती अजून जिवंत आहे, एवढं आधी आठवून घे, मग पुढं वाच. पोळ्याला आलास तेव्हा तू छत्री विसरशील म्हणून मी ती उंबऱ्यात आडवी टाकून ठेवली होती. छत्री बराबर नेलीस आणि चष्मा ठेवून गेलास. तो या पत्रासोबत पाठवून राहिले. आमचा जीपवाला नेमसिंग हिंगोलीला नेईल आणि तिथून वसमतच्या गाडीत देईल. 'आधी चष्मा लाव, मग पत्र वाच' असं पहिल्याच ओळीत लिही म्हटलं, तर लिहिणारी नात, करुणा, हसायलाच लागली. म्हणे, आजी, चष्मा लावल्याबिगर त्यांना ती ओळ दिसंल कशी? पोरीचं खरं होतं. म्हणून चष्मा पाकिटावरच सुतळीनं बांधला आहे. आधी हाताला चष्मा लागेल, मग पत्र. (सुतळी परत पाहिजे.)

तुझं पोट कसं आहे? सूनबाईची कंबर? माझा गुडघा जिना चढताना रडतो आणि उतरताना हसतो, बाकी बरी आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू माझं ऐकायच्या आधी स्वतःचंच सांगत बसतोस. पत्रात तुला मधे बोलता येत न्हाई, हे मला फार आवडतं.

तर मुद्दा असा की करुणाला पुण्यात नोकरी लागली. जीव भांड्यात पडला. (कोणत्या भांड्यात, ते पुढं सांगते.)

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी खाऊन तू ओसरीत काय बोललास ते तुला आठवत नसेल, पण आमच्या रामकिशनला पाठ आहे. तू म्हणालास, लेकीचं हे मोबाईलमधलं चित्रकाम पुरे. सोयाबीन घरात येईपर्यंत नोकरी लागली तर ठीक, न्हाई तर भरतीच्या क्लासचा फॉर्म भरायचा. फॉर्म खिशातून काढून ठेवलासही. (चष्मा विसरला, फॉर्म न्हाई विसरला, काहून रे?) माझ्या लेकाला बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. त्यानं मान डोलावली आणि पोरीच्या घशात पोळी अडकली.

आता तू मला सांग, करुणा जे शिकली ते तुला काहून पटू नये? तू तीस वर्षं स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत बसलास. बोर्ड वाचून लोकांना गाडी सापडली असती तर तुला पगार कशाचा मिळाला असता? माणसाला काय पाहिजे, ते तो कुठं शोधतो आणि ते त्याला तिथंच कसं सापडावं, हेच तर ती शिकली. आठ महिने फोनवरून शिकली, गोठ्याच्या पत्र्यापाशी उभी राहून, कारण नेटवर्क आमच्याकडं म्हशीच्या पलीकडं येत न्हाई. मला तिनं सांगितलं, आजी, मी चित्रं काढत न्हाई, मी माहितीची मांडणी करते. मी म्हटलं, म्हणजे घरातले डबे लावणं. ती जरा फुगली. (आता लिहिताना पण फुगली आहे. लिही गं, गाळू नको.)

पुण्याच्या एका कंपनीनं तिला परीक्षेला काम दिलं. हळद विकायला नेणाऱ्या माणसाला बाजारात आपला नंबर कधी लागणार ते फोनवर कळावं, असं काहीतरी करून दाखव, म्हणाले. झालं, पोरीच्या अंगात मांडणी संचारली. आधी हात बसावा म्हणून तिनं स्वयंपाकघरच धरलं. चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या, तांदूळ, तूर, जिरं, काडीपेटी, आणि म्हणाली, याचे गट लावा. तिच्या आईनं, म्हणजे निर्मलानं, महाग आणि स्वस्त असे गट लावले. रामकिशननं आपल्याला सापडतं आणि सापडत न्हाई असे लावले. दुसरा गट फार मोठा झाला. मग करुणानं इथल्या आपल्या गोरेगावच्या बाजारातून एकसारखे सोळा डबे आणले, चकचकीत, जुळ्या भावंडांसारखे. माझे जुने पोचे पडलेले डबे माळ्यावर गेले आणि नव्या डब्यांवर सुंदर अक्षरात चिठ्ठ्या चिकटल्या. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. मी पण कौतुक केलं. हे सगळं वाचायचं कोणी, हे मला तेव्हा सुचलं न्हाई आणि तिलाही न्हाई.

दुसऱ्या दिवशी सोयाबीन कापायला अकरा बाया होत्या. निर्मला भाकरी थापून त्यांच्याबरोबर रानात गेली, पिठलं माझ्याकडं आलं. लाईट गेलेली, चुलीचा धूर, आणि मला अशी सर्दी की नाकाला वासाचा पत्ता न्हाई. हरभऱ्याच्या पिठाचा म्हणून मी जो डबा उघडला तो हळदीचा होता. घरची हळद, गिरणीतून दळून आणलेली. आधणात दोन वाट्या सोडल्या. घट्ट होईना. म्हटलं, यंदा डाळच हलकी आलेली दिसते. अजून दोन वाट्या सोडल्या. वरून कोथिंबीर टाकली आणि नेमसिंगच्या जीपमधून पातेलं रानात पाठवलं.

सोनाजी, बाया उपाशी होत्या. पहिला घास गेल्यावर कळलं, पण तोवर बोटं, ओठ, दात, पदर, सगळं पिवळं झालं होतं. नेमसिंग तिथंच जेवायला बसला होता. तो म्हणाला, हळद तर सगळ्यांना लागली, आता लगीन कोणाचं तेवढं सांगा. एक म्हातारी म्हणाली, माझं लावा बाबा, पहिल्याचं काही खरं झालं न्हाई. रामकिशन मात्र ताट साफ करून उठला. आईनं केलं म्हणजे काहीतरी औषधी असंल, असं त्याला वाटलं. (त्याची सर्दी दुसऱ्या दिवशी गेली. माझी राहिली.)

सगळे हसले, करुणा हसली न्हाई. ती घरी आली, डब्यांपुढं बसली आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, अगं, चार वाट्या हळदीसाठी इतकं? तर म्हणे, आजी, हळदीचं न्हाई. जिला अक्षर येत न्हाई तिच्या घरात मी अक्षरं चिकटवली. माझं ते फोनमधलं कामही वरपासून खालपर्यंत अक्षरंच आहे. चार दिवसांनी मुलाखत आहे आणि मी आतापर्यंत काय शिकले?

मग मी माळ्यावरून माझे डबे काढायला लावले आणि तिला समोर बसवलं. या डब्याला पोटात पोचा आहे, वानराला फेकून मारला तेव्हाचा, ही हळद. हा हलवला की खडखडतो, ही तूर. हा सळसळतो, हे तीळ. मिठाच्या डब्याला चिंधीची एक गाठ, साखरेच्या डब्याला दोन. रोजचं हाताशी, सणाचं डोक्याच्या वर. आणि फवारणीचं औषध घराबाहेर खोपीत, त्याच्यावर बाभळीची फांदी. बाटलीवर विष म्हणून लिहिलेलं असतं म्हणतात. असू दे. माझा हात लिहिल्यानं थांबत न्हाई, काट्यानं थांबतो. करुणा हे सगळं वहीत लिहून घेऊन राहिली होती. सत्तर वर्षांत माझं बोलणं कोणी लिहून घेतलं न्हाई, म्हणून मी दोन-तीन गोष्टी जास्तीच्याही सांगितल्या. खऱ्या नव्हत्या, पण शोभल्या.

नंतर तिनं ते काम माझ्याच फोनात टाकलं आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, आजी, तुला हळद विकायला न्यायची आहे, नंबर लाव. मी काहीच सांगणार न्हाई. मी म्हटलं, सांगणार न्हाईस तर इथं बसलीस काहून? म्हणे, बघायला. असली शिकवणी मी पहिल्यांदा बघितली. मी कुठं दाबलं कोण जाणे, तुलाच फोन लागला. तू 'कोण बोलतंय' म्हणालास. (माझ्या फोनात तुझ्यासाठी वांग्याचं चित्र आहे आणि मी तुला बराबर ओळखते. तुझ्या फोनात माझं नाव चांगलं अक्षरांत लिहिलेलं आहे, तरी तुला बहीण सापडली न्हाई. चष्म्याचा दोष म्हणून यावेळी सोडून देते.)

मी म्हटलं, चुकलं बाई माझं, आम्हा अडाण्यांना हे जमायचं न्हाई. तर करुणा म्हणाली, आजी, तुझं न्हाई चुकलं. चुकीच्या जागी तुझा हात गेला, म्हणजे माझी मांडणी चुकली.

सोनाजी, बँकेत, दवाखान्यात, तहसिलात, जिथं म्हणून गेले तिथं माझंच चुकलं असं ऐकत आले. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. परत ऐकायला मिळावं म्हणून मी मुद्दाम अजून तीनदा चुकीचं दाबलं. पोरगी तिन्ही वेळा तेच म्हणाली आणि दरवेळी वहीत लिहीत गेली. मग तिनं सगळं मोडून नवं केलं. आता फोनात पोत्यांची रांग दिसते, आपलं पोतं पिवळं दिसतं, पुढं किती पोती आहेत ते फोन बोलून सांगतो, आणि नंबर रद्द करायच्या जागी बाभळीची काटेरी फांदी आहे. तिथं माझा हात आपोआप थांबला. निर्मलाचा पण थांबला.

मुलाखत पत्र्यापाशीच झाली. म्हैस मागं रवंथ करून राहिली होती आणि फोनात पुण्याची एक मॅडम. करुणानं तिला पिठल्याची गोष्ट सांगितली. मॅडम इतकी हसली की मला वाटलं, नोकरी गेली. मग म्हणाली, आजीला दाखवा. मी पदर सावरून पुढं झाले आणि विचारलं, बाई, तुमच्या ऑफिसात नव्या माणसाला चहाची साखर विचारल्याबिगर सापडते का? ती म्हणाली, मला पण दोन वर्षांत सापडली न्हाई. मी म्हटलं, मग आमची पोरगी लवकर न्या. (करुणानं मला पाठीमागून चिमटा काढला. अजून निळा आहे.)

पुढं नऊ दिवस काही कळलं न्हाई. सोयाबीनची रास अंगणात वाळत पडली होती. रामकिशन रोज संध्याकाळी दाणा दाताखाली फोडायचा आणि म्हणायचा, वाळलं, उद्या पोती भरू. रोज सकाळी वरचा थर ओला निघायचा. यंदा दवच फार, दुसरं काय. दहाव्या दिवशी मात्र त्यानं ऐकलं न्हाई. तुला दिलेला शब्द, म्हणे. पोती भरली. करुणा फॉर्म घेऊन ओसरीत बसली, पेनाचं टोपण काढलेलं. रामकिशन पहिलं पोतं खांद्यावर घेऊन उंबऱ्याशी आला आणि फोन वाजला. पोतं उंबऱ्याच्या बाहेर होतं, आत न्हाई. नेमसिंग साक्षीला आहे, वाटलं तर विचार.

करुणा बोलून आली, तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं. रामकिशननं पोतं तिथंच उतरवलं, त्याच्यावर बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, मामाला कोण सांगणार? म्हणून हे पत्र. तुझा फॉर्म वाया गेला न्हाई. हळदीच्या डब्याखाली घातला आहे, डबा डुगडुगायचा थांबला. जीव पडला तो याच भांड्यात.

कळावे, तुझी बहीण जनकाबाई. (अंगठा खाली उठवला आहे. पिवळा काहून, ते आता विचारू नको.)

ता. क. करुणा चहा ठेवायला गेली आहे, एवढं निर्मला लिहून राहिली. यंदा दव काही फार न्हाई. पहाटे उठून राशीवर पाणी मीच शिंपडत होते. निर्मला लिहिताना हसून राहिली, कारण तांब्या तीच भरून द्यायची. रामकिशनला सांगितलंस तर तुझ्या लहानपणाच्या चार गोष्टी मी तुझ्या सुनेला सांगीन.

दुसरा ता. क., आणि पत्र खरं यासाठीच लिहिलं. त्या मॅडमला माझ्यासारखी, अक्षर न येणारी माणसं हवी आहेत, फोन दाबून बघायला. करुणा मला आठ दिवस पुण्याला चल म्हणते. मी न्हाई म्हटलं आहे. म्हातारीनं लगेच व्हय म्हटलेलं बरं दिसत न्हाई. तर तू येत्या रविवारी ये आणि सगळ्यांपुढं मला आग्रह कर. मी दोनदा न्हाई म्हणणार. तिसऱ्यांदा विचारलंस की जाणार. तुझ्या डोक्याचा भरवसा न्हाई, दोनदा विचारून तू जेवायला बसशील आणि मी इथंच राहीन. म्हणून चष्म्याच्या सुतळीला तीन गाठी मारल्या आहेत. ती हातात धरूनच ये.

येताना तोंडी लावायला सूनबाईच्या हातचा तिखट भुरका आण, लसूण जास्त, आणि वाटेत खायला धपाटे. लिंबाचं लोणचं करुणाच्या खोलीसाठी वेगळं. भुरक्याच्या डब्याला एक गाठ, लोणच्याच्या डब्याला दोन. चिठ्ठी चिकटवू नको.