यंदा कढई नाही

८ ऑक्टोबर, बुधवार

"या घरात यंदा कढई चढणार नाही." आमचे हे एवढं बोलले आणि पेपर उघडला!

मी चकलीच्या भाजणीचे तांदूळ धुऊन पंच्यावर पसरत होते. हात तसेच ओले. म्हटलं, काहून? तर पेपरातून मान वर न करता — "ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरी पहिल्या दिवाळीले तळण नसते. तुले सांगावं लागते काय?"

माणूस गेलं म्हणजे आमची गार्गी. एकुलती एक. जूनमध्ये तिनं धम्मदीपशी रजिस्टर लग्न केलं. जातीबाहेर. त्याआधी चारदा त्याला घेऊन घरी आली, समोर बसली, हात जोडले. पळून गेली असती तर ह्यांना एवढा राग आला नसता, असं मला कधीकधी वाटतं. तिनं विचारलं, ह्यांनी नाही म्हटलं, तरी तिनं केलं — ते झोंबलं. त्या दिवसापासून ती ह्यांच्या लेखी मेली.

रीत मला ठाऊक आहे. सासूबाई गेल्या त्या वर्षी मीच पाळली. कढई पालथी घातली, तळण नाही, गोड नाही. फराळ नातेवाइकांनी आणून दिला. पण सासूबाई खरोखर गेल्या होत्या!

तांदूळ वाळले. डब्यात भरून ठेवले. दुसरं काय करणार?

९ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. ह्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज कढई घासली. काही कारण नव्हतं. आईनं रुखवतात दिलेली, लोखंडी, दोन कानांची. तेल पिऊन पिऊन काळी कुळकुळीत झाली आहे. गार्गी लहान असताना चकली तळताना ओट्याला लटकून उभी राहायची. "आई, माझं लग्न झालं की ही कढई मी नेईन." मी म्हणायचे, ने बाई, उचलेल तर ने!

आता उचलेल. पण देणार कुठून? जूनमध्येच ह्यांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. "तिले फोन करणार नाही. तिले या घरात बोलावणार नाही. म्हण." मी म्हटलं. ह्यांचं बीपी तेव्हा फार वाढलेलं, चेहरा लालबुंद. मी घाबरले. माझ्या फोनमध्ये तिचा नंबर त्यांनी स्वतः ब्लॉक केला. तो काढायचा कसा ते मला येत नाही, असं मी मनाला सांगते. येतं की! पण शपथ आडवी येते. नवऱ्याच्या डोक्यावरची शपथ मोडायची हिंमत माझ्यात नाही. तिचा आवाज ऐकून चार महिने झाले. आवाज विसरेन की काय, अशी भीती वाटते.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी कुसुमताई आल्या. ह्यांची थोरली बहीण. हातात मोठा स्टीलचा डबा. चिवडा, शेव, शंकरपाळे. म्हणजे भावानं बहिणीलाही कळवलं तर!

डबा पुढ्यात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे यंदा नाही ना, म्हणून आणलं वं. रीत आहे." डोळ्याला पदर लावला. मी बघतच राहिले. पोरगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिंगण्याच्या रस्त्याला दोन खोल्यांत नांदते आहे, आणि ही बाई इथे दुखवट्याचं तोंड करून बसली आहे! ह्याच ताई गार्गीच्या बारशाला कुर्र करून पुढे झाल्या होत्या. नावही त्यांनीच ठेवलेलं.

म्हटलं, "ताई, तुम्हाला तरी पटते का हे?"

"पटाचं काय वं त्यात? दादा म्हणते ना."

सत्तरीची बाई लहान भावाला दादा म्हणते आणि त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. मी तिला काय बोलू? माझं तरी वेगळं काय आहे?

ह्यांनी डब्यातला चिवडा घेतला नाही. "दिवाळीले उघडू." मी तो माळ्यावर टाकला. अगदी मागे.

१३ ऑक्टोबर

रात्रीचं जागरण आणि दिवसाची झोप. आरशात बघवत नाही. कोणासाठी जगायचं, हा प्रश्न भांडी घासताना पडतो. मग भांडी संपतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी ह्यांना एक प्रश्न विचारला! "नानखटाई तळतात का?"

गडबडले. "काय?"

"नानखटाई भट्टीत भाजतात. कढई लागत नाही. मी भट्टीवर चालली."

मग — "कर काय करायचं ते. मी खाणार नाही." नका खाऊ.

एक किलो मैदा, पिठीसाखर, तुपाचा डबा, परात. गांधीबागेमागच्या गल्लीतली विश्वनाथभाऊंची भट्टी. दिवाळीच्या आधी तिथं नेहमीसारखीच गर्दी, बायका फरशीवर परात घेऊन बसलेल्या, हात तुपानं माखलेले. भट्टीतून एकाच वेळी सगळ्यांचे ट्रे जातात, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. कोणी चारोळी लावतं, कोणी काट्यानं रेघा ओढतं. आमची खूण गार्गीचा अंगठा. चार वर्षांची होती तेव्हा कंटाळून तिनं सगळ्या गोळ्यांवर मधोमध अंगठा दाबून ठेवला. मी रागावले, पण विश्वनाथभाऊ म्हणाले, "राहू द्या ताई, तुमचा माल आता आंधळाही ओळखीन." तेव्हापासून तीच खूण. दरवर्षी खड्डा थोडा मोठा व्हायचा.

आज मी माझाच अंगठा दाबला. जमेना. कुठे खोल, कुठे उथळ.

विश्वनाथभाऊ ट्रे उचलायला आले. "काहून ताई, एवढंसंच? दरवर्षी तर चार किलो राहते. आणि आमची गार्गी कुठं आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं — "यंदा कढई नाही आमच्याकडे."

ते थांबले. भट्टीच्या घामानं माझं कुंकू पुसलं गेलेलं, मंगळसूत्र पदराआड. डोक्यावरचा रुमाल काढला. "अरे देवा... भाऊ गेले काय?"

मला नाही म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. पण पदर तोंडात कोंबून त्या सगळ्या बायकांसमोर रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा अशी रडले. एकीनं पाठीवरून हात फिरवला, एकीनं पाणी दिलं. विश्वनाथभाऊंनी भट्टीचे पैसे घेतले नाहीत. "भाऊ मोठा सज्जन माणूस होता."

घरी आले तर सज्जन माणूस टीव्हीसमोर बसून चहा मागत होता! मी जिवंत नवऱ्याचं सांत्वन घेऊन आले. हसावं की रडावं ते कळेना. चहा टाकला.

१५ ऑक्टोबर

जाऊन सांगायला हवं भाऊंना. पण काय सांगू? कोण गेलं म्हणून सांगू? उद्या जाईन.

१६ ऑक्टोबर

गेले नाही. नानखटाई डब्यात तशीच आहे. एक खाल्ली. माती.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

हे झोपले. आता लिहिते.

दिवेलागणीची वेळ. मी आत कणीक मळत होते. दारावर थापा. बेल असून थापा! ह्यांनी उठून दार उघडलं. आणि मला आवाज ऐकू आला. विसरेन म्हणत होते ना — एका शब्दात ओळखला.

"बाबा!"

कणकेचे हात घेऊन मी धावले. गार्गी दारात. केस सुटलेले, ओढणी खांद्यावरून लोंबलेली, हाताला मैदा. तिनं ह्यांचा दंड धरला होता. मग चेहऱ्याला हात लावला, मग पुन्हा दंड. "तुम्ही आहात! बाबा, तुम्ही आहात!" रडत होती आणि हसत होती. "विश्वनाथकाका म्हणाले... मी नानखटाई घेऊन गेले होते तिथं... म्हणाले, आई रडून गेली, घरी कढई नाही... मला वाटलं..."

ह्यांच्या गालाला मैदा लागला होता. हे हलले नाहीत. हात झटकलाही नाही. मी पाहिलं — ह्यांचा खालचा ओठ कापत होता. मला वाटलं, झालं! देवा, आता झालं!

धम्मदीप दोन पायऱ्या खाली उभा. हातात दोन हेल्मेट. वर आला नाही.

मग गार्गीच्या लक्षात आलं. ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझं कुंकू, मंगळसूत्र. "मग कढई काहून नाही? आई, कोण गेलं?"

बोलायला हवं होतं. कणीक हातावर वाळत होती आणि मी तिच्याकडे बघत उभी होते.

"आई, सांग ना. कोण गेलं?"

ह्यांनी सांगितलं. "तू."

तिनं हात काढून घेतला. हळूच काढला, गरम भांड्यावरून काढावा तसा. वळली आणि पायऱ्या उतरू लागली. धम्मदीपनं तिच्या डोक्यावर हेल्मेट घातलं, पट्टा लावून दिला, कारण तिचे हात चालत नव्हते. मग वर बघून म्हणाला, "येतो आई." मला म्हणाला. चार वेळा ज्या घरातून हाकललं, त्या घराला येतो म्हणाला.

ह्यांनी दार लावलं. गालाचा मैदा पुसला. जेवायला बसले.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दिवा लावला नाही. हे म्हणाले, बरोबर आहे, यंदा लावायचा नसतोच.

१९ ऑक्टोबर, रविवार

भट्टीवर गेले. आज तरी सांगायलाच हवं होतं. पाच दिवसांपूर्वी एक 'नाही' म्हटलं असतं तर पोरीवर हे आलं नसतं. की आलंच असतं, दुसऱ्या कोणत्या वाटेनं? माहीत नाही. डोकं चालत नाही.

विश्वनाथभाऊ मला बघून उठून उभे राहिले. धम्मदीपच्या फोनवरून त्यांना सगळं कळलं होतं. "मले माफ करा ताई. तुम्ही रडून राहिल्या होत्या, मले वाटलं... म्या जित्या माणसाले मारलं."

"तुम्ही नाही मारलं भाऊ," मी म्हटलं. "आमच्याच घरी मारतात."

मग ते आत गेले आणि एक ट्रे घेऊन आले. "पोरगी असंच टाकून पळाली. म्या भाजून ठेवली. आली नाही न्यायले."

नानखटाई. गार्गीची. प्रत्येकीवर मधोमध अंगठा.

तिनं आमची खूण सोडली नाही! स्वतःच्या घरचा मैदा, स्वतःच्या घरचं तूप, हिंगण्याहून इतक्या लांब याच भट्टीवर आली — आणि खूण माहेरची. मी एकेक उचलून बघत बसले. तिचा अंगठा मला माहीत आहे, बारीक, जरा डावीकडे झुकलेला. पण सगळे तिचे नव्हते. एकाआड एक खड्डा मोठा होता. रुंद, खोल. पुरुषाचा.

दोघांनी मिळून दाबले. तो परातीपुढे मांडी घालून बसला असेल, बायकांच्या घोळक्यात. तिनं दाखवलं असेल, असं कर, मधोमध.

"मोठा शांत पोरगा आहे ताई," भाऊ म्हणाले. "तिले हसवून राहिला होता."

माझ्या घरी मी चार महिने सुतक पाळत होते, आणि तिकडे कोणी माझ्या पोरीला हसवत होतं. मला लाज वाटली. आणि खूप खूप दिवसांनी भूक लागली. तिथंच उभ्यानं तीन खाल्ल्या, मोठ्या अंगठ्याच्या.

उरलेल्या डब्यात भरून दिल्या भाऊंनी. पत्ता मी विचारला. लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनजवळच राहतात. आमच्याकडून एकच मेट्रो लागते!

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी. मेट्रोत

कढई मांडीवर पालथी घातली आहे आणि वही तिच्यावर ठेवून लिहिते आहे. पिशवीत काल भाजून दळून आणलेली भाजणी, सोऱ्या आणि तिचा नानखटाईचा डबा. शपथ मोडली नाही. फोन केला नाही, घरी बोलावलं नाही. मीच चालले.

निघताना ह्यांनी विचारलं, "कढई कुठं चालली?"

म्हटलं, ज्या घरी कोणी गेलं नाही, त्या घरी.

"आणि म्या काय खाऊ दिवाळीले?"

"माळ्यावर ताईंचा डबा आहे. दुखवटा तुमचा, फराळही तुमचा."

धरमपेठ स्टेशन गेलं. तेल तिच्याकडे असेलच.